वीज पेटवते, गवत पसरवतं

वीज कडाडली की पाऊस येणार, हा आपला ठरलेला हिशोब. म्हणून विजेमुळे लाखो एकर रान जळाल्याचं मी होस्टेलवर सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "मग पावसाने आग विझत का नाही?" प्रश्न अगदी रास्त आहे.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याचा आग्नेय कोपरा घ्या. उंच, कोरडं पठार, तुरळक वस्ती, सेजब्रशची करडी झुडपं आणि गुरांची कुरणं. ८ जुलै २०१२ रोजी तिथे वीज पडून 'लाँग ड्रॉ' नावाचा वणवा लागला. आठवडाभरात साडेपाच लाख एकरांहून जास्त रान जळालं, म्हणजे मुंबईच्या तिपटीहून मोठा प्रदेश! शेकडो गुरं दगावली.

अशा प्रदेशात ढगांचा तळ खूप उंच असतो आणि खालची हवा कोरडी. थेंब वाटेतच विरून जातात, वीज मात्र जमिनीवर पोचते. त्यातही प्रत्येक वीज आग लावतेच असं नाही. मुख्य झटका मिलिसेकंदापेक्षाही कमी टिकतो. पण काही विजांमध्ये त्यानंतरही कमी करंट शेकडो मिलिसेकंद वाहत राहतो, तो जास्त धोक्याचा. वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करताना ठिणगी उडणं वेगळं आणि आर्क धरून ठेवणं वेगळं, तसंच हे.

पण ठिणगीचा एवढा मोठा वणवा होतो कसा? पूर्वी दोन झुडपांमध्ये बरीच मोकळी जमीन असायची, आग तिथे अडायची. एकोणिसाव्या शतकात बाहेरून 'चीटग्रास' हे गवत आलं आणि त्या मोकळ्या जागेत पसरलं. उन्हाळा सुरू होताच ते वाळून कोळ होतं. वारा सुटला की आग पळतच सुटते.

खरा लोच्या पुढे आहे. जळालेलं सेजब्रश मुळापासून फुटत नाही, बियांपासून पुन्हा उभं राहायला कित्येक दशकं लागतात. चीटग्रास मात्र पुढच्याच वर्षी हजर! म्हणजे आगीमुळे गवत वाढतं आणि गवतामुळे पुढची आग लवकर येते. आपण कंट्रोल सिस्टिम्समध्ये शिकतो तो पॉझिटिव्ह फीडबॅक हाच. त्यात सेजब्रशवर जगणाऱ्या सेज ग्राऊस पक्ष्याचं घर जातं आणि पशुपालकांची चराई बुडते.

बंब पोचायला वेळ लागतो, म्हणून तिथल्या पशुपालकांनी स्वतःचे अग्निशमन गट उभे केलेत. वीज थांबवणं कुणाच्या हातात नाही. आग अडवणारे पट्टे राखणं आणि जळालेल्या जमिनीत चीटग्रासच्या आधी स्थानिक बहुवर्षायू गवतं रुजवणं, एवढं मात्र नक्की आहे. हा लूप तोडायचा तर तिथेच!