नेट गेलं तरी ऑर्डर हातात: लिनक्सवर मेल उतरवून ठेवा

भंडाऱ्यात पितळी भांडी बनवा, आंधळगावचं कोसा कापड विका की तुमसरचा तांदूळ, बाहेरगावचा मोठा ग्राहक भाव मेलवर विचारतो. नेमकं तेव्हाच नेट गेलं तर? म्हणून मेल आपल्या हार्ड डिस्कवर हवा. जुना कॉम्प्युटर आणि लिनक्स एवढ्यात काम होतं.

१. टर्मिनलमधून 'आयसिंक' आणि 'मट' इन्स्टॉल करा. पहिलं मेल उतरवतं, दुसऱ्यात आपण तो वाचतो. दोन्ही फुकट.

२. जीमेलमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्या. नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही.

३. सेटिंगच्या फाइलमध्ये जीमेलचा आयमॅप सर्व्हर, पोर्ट ९९३ आणि मेल ठेवायचा फोल्डर लिहा. फाइल फक्त तुम्हालाच उघडता येईल अशी परवानगी द्या.

४. त्यातच 'सिंक पुल' लिहा. म्हणजे मेल फक्त खाली येतो. नाहीतर इथे चुकून डिलीट केलेला मेल जीमेलच्या इनबॉक्समधूनही जाऊ शकतो!

५. 'एमबीसिंक' कमांड क्रॉनमध्ये टाका, दर १० मिनिटांनी मेल आपोआप उतरेल.

आता नेट नसलं तरी चौकशी वाचा, भाव काढून ठेवा. नेट आलं की उत्तर पहिलं तुमचं. सगळ्या कमांड व्हिडिओत दाखवल्या आहेत, थांबवून थांबवून करा.