ऐकीव पुरावा आणि आमचा धुरा

परवा मेसमध्ये एकजण छातीठोकपणे सांगत होता, एम-थ्रीचा पेपर फुटला म्हणून. कोणी सांगितलं? रूम पार्टनरनं. त्याला? सीनियरनं. सीनियरला कोणी सांगितलं, हे विचारेपर्यंत भाजी संपली होती. होस्टेलवरच्या निम्म्या बातम्या अशाच येतात आणि आपण त्या मानतोही. कोर्ट मात्र मानत नाही. हे मला पुस्तकातून कळण्याआधी आमच्या शेतातून कळलं.

माझं गाव अनसिंग, जिल्हा वाशिम. शेजाऱ्याशी आमचा धुऱ्याचा वाद आहे. पुण्या-मुंबईकडच्या मित्रांसाठी सांगतो, धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. नांगरताना तो दरवर्षी वीतभर सरकतो आणि वीस वर्षांनी कोर्टात पोचतो. २०२२ मध्ये मी बारावीत असताना बाबांची उलटतपासणी होती. समोरच्या वकिलांनी अगदी शांतपणे विचारलं, "धुरा बाभळीपर्यंत आहे, हे तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्या आबाजीनं मले सांगतलं होतं."

"म्हणजे तुम्ही स्वतः धुरा टाकताना पाहिला नाही?"

"नाही."

एवढं नोंदवून घेऊन वकील खाली बसले. बाहेर आल्यावर आमचे वकील म्हणाले, हा मुद्दा गेला. एसटीत बाबा एक शब्द बोलले नाहीत. जमिनीपेक्षा, ज्या माणसाचा शब्द गावानं कधी खाली पडू दिला नाही, त्याचा शब्द बाजूला ठेवला गेला, हे त्यांना लागलं होतं. मलाही राग आला. मग वकिलांकडून पुस्तक मागून आणलं.

नियम साधा आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम ६० सांगतं की तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा. पाहिलेली गोष्ट असेल तर पाहणाऱ्यानं सांगावी, ऐकलेली असेल तर ऐकणाऱ्यानं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात हेच कलम ५५ झालं. आमच्यासारखे आधीपासून चालू असलेले दावे जुन्याच कायद्यानं चालतात.

पण का? आपल्या प्रॅक्टिकलचंच घ्या. एक्स्टर्नल विचारतात, मीटर कोणता होता? लीस्ट काउंट किती? झिरो एरर पाहिली का? रीडिंग शेजारच्या ग्रुपच्या जर्नलमधून उतरवलं असेल तर यातल्या एकाही प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसतं. रीडिंग कदाचित बरोबरही असेल, पण तपासणार कसं? आबाजींचं तसंच झालं. त्यांनी शपथ घेतली नव्हती आणि त्यांना आता कोणी विचारू शकत नव्हतं की बाबा रे, बाभूळ कोणती? कारण धुऱ्यावर बाभळी तीन. कोर्टानं त्यांना खोटं ठरवलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

एक गंमत इथंच सांगून टाकतो. "रेक्टर आले रे!" अशी आरोळी ऐकून तुम्ही भिंतीवरून उडी मारली, तर ती आरोळी तुम्ही का पळालात हे दाखवायला चालते. रेक्टर खरंच आले होते, हे तिच्यावरून सिद्ध होत नाही.

मेलेल्या माणसाचा शब्द कधीच चालत नाही, असं मात्र नाही. सगळ्यात प्रसिद्ध अपवाद म्हणजे मृत्युपूर्व जबाब, जुनं कलम ३२, नवं २६. यातला मोठा निकाल आपल्या नागपूरचा आहे, खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य. १२ फेब्रुवारी १९५६ च्या रात्री गिरणी भागात एकावर हल्ला झाला. मेयो हॉस्पिटलमध्ये आधी डॉक्टरांनी, मग पोलिसांनी, मग मॅजिस्ट्रेटनं त्याचा जबाब घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वारला. सुप्रीम कोर्टानं १९५७ मध्ये सांगितलं की असा जबाब विश्वासार्ह वाटला तर दुसऱ्या पुराव्याची जोड नसली तरी शिक्षा होऊ शकते. पण त्याच जबाबात नाव असलेल्या दुसऱ्या आरोपीला हायकोर्टानं सोडलं होतं, कारण त्या नावाची माणसं वस्तीत अनेक होती. म्हणजे आमच्या तीन बाभळींसारखंच!

जबाब आत आला म्हणजे तो खरा मानला, असंही नाही. पुण्याच्या शरद सारडा खटल्यात १९८२ मध्ये वारलेल्या पत्नीची पत्रं याच कलमाखाली विचारात घेतली गेली. इंग्लंडमधल्या जुन्या नियमासारखी मरण समोर दिसण्याची अट आपल्याकडे नाही, म्हणून पत्रंही चालली. तरी १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं फाशीची शिक्षा रद्द करून पतीला निर्दोष सोडलं.

आता आमच्या कामाचा अपवाद. त्याच कलमात आहे की मेलेल्या माणसाचं स्वतःच्या मिळकतीच्या हिताविरुद्धचं बोलणं चालतं. कारण उघड आहे, स्वतःचं नुकसान करायला कोण खोटं बोलेल? आबाजी बोलले ते स्वतःच्या फायद्याचं होतं, म्हणून ते यात बसत नाही. पण गावच्या सुतारबुवांना आठवलं की वखरासाठी त्यांनी मधली बाभूळ मागितली, तेव्हा शेजाऱ्यांचे वडील म्हणाले होते, "ते झाड माह्यं नाही, आबाजीले इचार." ते वडील आता हयात नाहीत. सुतारबुवाही बाबांसारखं "त्यानं मले सांगतलं" असंच म्हणाले, पण त्यांचं बोलणं पुराव्यात आलं. बाबा त्या दिवशी एसटीत बरंच बोलले.

होस्टेलवाल्यांनी एक लक्षात ठेवा. कॉलेजच्या चौकशी समितीला पुरावा कायदा काटेकोर लागू होत नाही. हरियाणातल्या एका बस कंडक्टरच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं १९७७ मध्ये म्हटलं की खातेनिहाय चौकशीत ऐकीव गोष्टही चालते, फक्त तिचा मुद्द्याशी संबंध हवा आणि ती विश्वासार्ह हवी. म्हणून समितीसमोर "ऐकीव आहे" एवढंच म्हणून बसू नका. ज्यानं पाहिलं म्हणतात त्याला बोलवा, मला प्रश्न विचारू द्या, अशी लेखी मागणी करा.

आमचा दावा अजून चालू आहे. मधली बाभूळ मागच्या पावसाळ्यात पडली.