मासा आला, परवाना कुठंय?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्थ कॅरोलायना राज्यात मोरहेड सिटी नावाचं छोटंसं बंदर आहे. दरवर्षी जूनमध्ये तिथे ‘बिग रॉक’ ही खोल समुद्रातल्या मासेमारीची स्पर्धा भरते. मुख्य लक्ष्य निळा मार्लिन. १९५७ मध्ये हा मासा या पाण्यात मिळतो की नाही, इथपासूनच प्रश्न होता. तेव्हा पहिला मार्लिन आणणाऱ्याला एकचाकी हातगाडीत चांदीचे डॉलर घालून दिले होते. २०२३ मध्ये २७१ बोटी उतरल्या आणि बक्षिसांची एकूण रक्कम ५८ लाख डॉलरवर गेली.

पहिल्यांदाच उतरणारी बोट तयारी करते ती समुद्राची. किनाऱ्यापासून सुमारे ५० मैलांवर उथळ तळ संपून खोल पाणी सुरू होतं आणि तिथूनच गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह जातो. पाण्याचा रंग कुठे बदलतो, तरंगतं शेवाळ कुठे रांगेने जमलंय, पक्षी कुठे घिरट्या घालतायत, हे कप्तान वरच्या माचावरून बघत असतो. मागे आमिषं ओढत बोट सात-आठ नॉटच्या वेगाने तासन्‌तास चालते. काहीच घडत नाही. मग एखादं रीळ किंचाळतं आणि डेकवर एकच धांदल उडते. इतर दोऱ्या गुंडाळायच्या, गळ टाकणाऱ्याला खुर्चीत बसवून पट्टे आवळायचे, कप्तानाने बोट उलटी हाणत माशाच्या मागे न्यायची.

इथे नवख्यांचे हात शिवशिवतात. कारण १९३९ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनचा नियम असा, की मासा लागल्यावर काठी, रीळ आणि दोरी यांना त्या एकाच माणसाचा हात लागायचा. सोबत्याचे दंड भरून आलेले दिसतात, पण मदत करायची नाही. दोरीच्या टोकाचा जाड पदर हाताशी आला, की मगच खलाशाने तो धरायचा.

पण दर्यावरचे हे नियम निदान सरावाने अंगवळणी पडतात. बोटी बुडतात त्या कागदावर.

२०१० मध्ये ‘सायटेशन’ नावाच्या बोटीने ८८३ पौंडांचा, म्हणजे जवळपास ४०० किलोंचा मार्लिन आणला. स्पर्धेच्या तोवरच्या इतिहासात एवढा मोठा मासा काट्यावर चढला नव्हता. बक्षीस होतं नऊ लाख डॉलरहून जास्त. आणि मग कळलं, की मासा लागला तेव्हा बोटीवरच्या एका खलाशाकडे राज्याचा मासेमारी परवाना नव्हता. काही डॉलरांत मिळणारा कागद! मासा बाद झाला आणि बक्षीस ५२८ पौंडांच्या मार्लिनला गेलं. पुढे प्रकरण कोर्टात जाऊन काही वर्षं चाललं.

२०२३ मध्ये ‘सेन्सेशन’ बोटीने सहा तास झुंजून ६१९.४ पौंडांचा मार्लिन आणला, तोही शेवटच्या दिवशी. पण शेपटीकडच्या भागावर चाव्याच्या खुणा होत्या. दोरीवर असताना शार्कने किंवा दुसऱ्या कुणी लचका तोडला, तर मासा दुबळा होतो, लढत बरोबरीची राहत नाही, म्हणून तो बाद. सुमारे ३५ लाख डॉलर गेले आणि ४८४.५ पौंडांचा मासा पहिला आला. आपल्याकडे ससून डॉकला चावलेल्या सुरमईचा फार तर भाव पडला असता. इथे मासा विकायचा नसतो, सिद्ध करायचा असतो, आणि म्हणून मला हा नियम निष्ठुर वाटला तरी चुकीचा वाटत नाही.

सिद्ध करण्याची ही हौस मेरीलँडमधल्या ‘व्हाइट मार्लिन ओपन’मध्ये आणखी पुढे गेलेली आहे. तिथे विजेत्यांना सत्यशोधक यंत्राच्या चाचणीला बसावं लागतं. २०१६ मध्ये ७६.५ पौंडांच्या पांढऱ्या मार्लिनवर २८ लाख डॉलरचं बक्षीस लागलं होतं. विजेता चाचणीत नापास झाला. ठरलेल्या साडेआठच्या आधीच दोऱ्या पाण्यात सोडल्या, हा आक्षेप होता. वाद थेट फेडरल कोर्टात गेला आणि २०१७ मध्ये न्यायाधीशांनी आयोजकांच्या बाजूने निकाल दिला. साडेआठ म्हणजे साडेआठ.

एवढ्या काटेकोरपणात एक गोष्ट मात्र नजरेआड राहते. निळ्या मार्लिनचे नर फारसे वाढत नाहीत. साधारण साडेतीनशे पौंडांच्या पुढचा मासा म्हणजे मादीच. बिग रॉकमध्ये काट्यावर आणायचा मासा किमान ४०० पौंडांचा किंवा ११० इंचांचा असावा लागतो. लहान मासे वाचावेत म्हणून केलेला हा नियम; पण त्यामुळे बंदरावर उलटी टांगली जाते ती अंडी देणारी मोठी मादी. तशा जवळजवळ सगळ्या बोटी आता मार्लिन पाण्यातच सोडून देतात. त्याचे वेगळे गुण मिळतात, आणि २००८ पासून नैसर्गिक आमिषासोबत गोल वळणाचा गळ सक्तीचा आहे, म्हणजे तो पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. सोडल्याचा पुरावा म्हणून चित्रफीत लागते, त्यामुळे एका खलाशाच्या हातात गळाऐवजी कॅमेरा असतो.

मोठा पैसा मात्र अजूनही काट्यावरच्या वजनालाच मिळतो.