मिल्ह, मेलाख आणि मीठ

मागच्या सणाला आमची नात बेरशेबाहून घरी आली ती तोंड पाडूनच. कॉलेजचं पहिलं वर्ष आणि जनरल केमिस्ट्रीत नापास! "आजी, पाठ सगळं आहे गं, पण कळत काहीच नाही," म्हणाली. आम्ही ४० वर्षे परिचारिकेचे काम केले, पण तिला केमिस्ट्री कोण शिकवणार? मग आठवली आमच्या अलिबागच्या बालमैत्रिणीची मुलगी. ती बरीच वर्षे मस्कतच्या एका कॉलेजात हाच विषय शिकवीत होती, आता पुण्यात असते. लावला फोन.

"मावशी, तुमच्या नातीसारखीच माझी मुलं होती," ती म्हणाली, आणि मग तासभर बोलत राहिली. त्यातले थोडे तुमच्यासाठी लिहितो.

ओमानात १९७० साली सगळ्या देशात मिळून तीन शाळा होत्या आणि त्यांत सुमारे ९०० मुलगे शिकत. मुलींना शाळाच नव्हती. पुढे गावोगाव शाळा निघाल्या आणि १९८६ साली मस्कतजवळ अल खुद येथे सुलतान काबूस विद्यापीठ सुरू झाले. पण एक अडचण राहिली. सरकारी शाळेत मुले विज्ञान अरबीत शिकतात आणि कॉलेजात ते एकदम इंग्रजीत येते. म्हणून पहिल्या वर्षाआधी इंग्रजी, गणित, संगणक आणि अभ्यासाच्या सवयी शिकवणारा पायाभूत अभ्यासक्रम असतो. त्याचे देशभरासाठीचे निकष २००८ साली ठरले.

"तरी सुरुवातीला मी फसले," ती सांगत होती. "फळ्यावर शिकवायचं आणि विचारायचं, समजलं का? सगळी वर्गभर मान हलवायची. पेपर बघितले तर कसलं काय!"

हे ऐकले आणि आमच्या काळजात चर्र झाले. कारण मान आम्हीही हलवली होती.

आम्ही नवीन आलो तेव्हाची गोष्ट. शाळेत आम्ही मराठीत द्रावण, आम्ल, क्षार शिकलो. नर्सिंग मात्र हिब्रूत. वॉर्डात एका बाईंना शिरेतून पोटॅशियम द्यायचे होते. वरिष्ठ सिस्टरने भराभर सांगितले, आम्ही मान हलवली. १० मिलीची कुपी, त्यात २० मिलीइक्विव्हॅलंट, हिशेब तोंडपाठ! पण "पातळ करून" हा शब्दच आम्हाला कळला नव्हता. सिरिंज भरून सरळ नळीकडे हात नेला आणि सिस्टरने मनगट धरले. ते तसेच गेले असते तर त्या बाईंचे हृदय तिथेच बंद पडले असते. त्या रात्री आम्ही झोपलो नाही. पुढे अनेक देशांत असल्या तीव्र कुप्या वॉर्डातून काढून फार्मसीत ठेवू लागले, ते उगीच नाही.

मैत्रिणीच्या मुलीने "समजलं का" विचारणे सोडले आणि कागद वाटले. "पाण्यात मीठ विरघळलं. आत काय दिसेल ते काढा." बहुतेकांनी सोडियम-क्लोरिनच्या जोड्या पाण्यात तरंगताना काढल्या. खरे तर जोडी सुटते, आणि प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात. सूत्र सगळ्यांना येत होते, चित्र कोणाला येत नव्हते. ग्लासगो विद्यापीठातले अ‍ॅलेक्स जॉनस्टन हेच सांगत असत. केमिस्ट्री तीन पातळ्यांवर चालते: डोळ्यांना दिसते ती, न दिसणाऱ्या कणांची, आणि चिन्हांची. शिक्षक तिन्हींवर एकदम उड्या मारतो आणि नवशिका मधेच पडतो.

मग तिने चार-चार मुलांचे गट केले. आपसांत अरबीत भांडा, उत्तर इंग्रजीत लिहा. प्रयोगाआधी अंदाज लिहायचा, मग बघायचे, मग चुकले का ते शोधायचे. अंदाज चुकला तर गुण कापायचे नाहीत. मागच्या बाकावरची, कधी न बोलणारी मुलगी एकदा म्हणाली, "अल्कली हा शब्द तर आमचाच आहे." खरेच आहे, तो अरबीतूनच इंग्रजीत गेला. त्या दिवसापासून ती बोलू लागली.

उदाहरणेही घरची. ओमानात पिण्याचे बरेचसे पाणी समुद्राचे गोडे केलेले. घुब्राचा कारखाना १९७६ सालचा. मस्कतलाच १९९६ साली खाऱ्या पाण्याच्या संशोधनाचे केंद्र स्थापन झाले, त्यात आपला इस्रायलही सभासद झाला. तेव्हा वर्गात हिशेब असा: समुद्राच्या एका लिटरात साधारण ३६ ग्रॅम क्षार, आणि दवाखान्यातल्या सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ. म्हणजे समुद्र चौपट खारट! तहानलेल्याने ते प्यायले तर शरीरातलेच पाणी खर्ची पडते.

आणि हजर पर्वतातली निळी डबकी! तिथल्या खडकातून झिरपलेले पाणी चुन्याच्या निवळीसारखे असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की वर पांढरी साय धरते, तीच चुनखडी. मुले सहलीला जाऊन ती बघत आली होती, पण वहीतले समीकरण म्हणजे तेच, हे कोणी सांगितले नव्हते.

आम्ही नातीला स्वयंपाकघरात बसवले. म्हटले, अरबीत मिल्ह, हिब्रूत मेलाख, मराठीत मीठ. आता ग्लासात काय आहे ते काढ. तिनेही जोड्याच काढल्या! मग दोघी हसलो, आणि आम्ही तिला त्या पोटॅशियमच्या कुपीची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत घरात कोणाला सांगितली नव्हती. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आजी, मी पण वर्गात मान हलवते."

बाळांनो, तुम्हीही एक करून बघा, पण मोठ्यांना जवळ बसवून. भारतीय दुकानातला पानाचा चुना चिमूटभर पाण्यात ढवळा, तासभर ठेवा, वरची निवळी ग्लासात ओता. काय होईल ते आधी कागदावर लिहा. मग नळीने हळू फुंका. ओढायचे नाही हं, आणि डोळ्यांत उडू द्यायचे नाही. निवळी दुधासारखी झाली की समजा, ओमानचा डोंगर तुमच्या ग्लासात आला.

नात मोएद बेतला बसली. काल फोन आला, "आजी, या वेळी प्रश्न कळले. एक नाही कळला, तर हात वर करून विचारला." निकाल अजून यायचा आहे. आम्हाला मात्र तो हात वर झाला, यातच सगळे मिळाले.