वाट चुकलेली मधमाशी

विष म्हटलें कीं त्यानें प्राण जावयाचा, एवढीच आपली सर्वसाधारण कल्पना असते. कीटकनाशक मधमाशांस कितपत बाधतें हें ठरवितांना शास्त्रज्ञहि पुष्कळ वर्षें मेलेल्या माशाच मोजीत असत. परंतु माशी जिवंत राहूनहि पोळ्याच्या कामांतून उठूं शकते, ही गोष्ट अलीकडे चांगलीच ध्यानांत आली आहे. आणि जालना जिल्ह्यासारख्या बियाण्यांवर जगणाऱ्या मुलुखास तिचें महत्त्व विशेष आहे.

'जालना सोने का पालना' ही म्हण जुनी. तेथें १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं 'महिको' ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि जालन्याचें नांव बियाण्यांशीं कायमचें जोडलें गेलें. बारवाले यांस १९९८ सालीं जागतिक अन्न पुरस्कारहि मिळाला. संकरित कापसाचें बी करण्यास माशीची गरज पडत नाहीं. तेथें मजूर बायका दुपारीं कळींतील पुंकेसर खुडून टाकतात व दुसऱ्या दिवशीं सकाळीं नरफुलाचा पराग हातानें लावतात. कांद्याचें तसें नाहीं. जालन्यांत व शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत बियाण्यासाठीं हिवाळ्यांत निवडक कांदे पुन्हां जमिनींत लावतात, आणि माघाच्या सुमारास त्यांस डेंगळे येऊन पांढऱ्या फुलांचे गोंडे धरतात. एकेका गोंड्यांत शेंकडों फुलें. पण प्रत्येक फुलांतील पराग आधीं झडतो व त्याचा स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. दुसऱ्या फुलावरून कोणीतरी पराग आणून दिल्यावांचून बी भरावयाचें नाहीं. हें काम मुख्यतः आग्या, फुलोरी व सातेरी या माशांचें. माशी न आल्यास गोंडा दिसावयास सुरेख, पण आंत पोकळ; आणि शेतकऱ्याची वर्षाची मेहनत मातीस मिळते.

गुलाबावर मावा पडला असतां तंबाखूचा काढा शिंपडण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. त्या तंबाखूंतील निकोटिनाच्या धर्तीवर रसायनशास्त्रज्ञांनीं कांहीं औषधें बनविलीं, त्यांपैकीं इमिडाक्लोप्रिड हें १९९१ च्या सुमारास बाजारांत आलें. तें बियाण्यास चोळलें तरी अंकुराबरोबर वर चढतें व रसांतून पानांत, फुलांत, मकरंदांतहि थोडेंफार पोंचतें. एका मज्जातंतूचा निरोप दुसऱ्यास देणारें ॲसिटिलकोलीन नांवाचें द्रव्य काम होतांच शरीर मोडून टाकतें; इमिडाक्लोप्रिड मात्र त्याच्याच जागीं जाऊन बसतें आणि मोडत नाहीं. दारावरची घंटा एकदां वाजूं लागली ती थांबूंच नये, तसा हा प्रकार.

मधमाशीचा मेंदू वजनानें सुमारें एक मिलिग्रॅम. तेवढ्यांत सूर्याची दिशा, खुणेचीं झाडें, घराची वाट व फुलांचा वास हें सारें सांठविलेलें असतें. फुलें कोठें आहेत हें ती मैत्रिणींस नाचून सांगते. या नृत्यभाषेचा उलगडा करणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. (आपली फुलोरी तर पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचून थेट फुलांकडेच बोट दाखविते!) २०१२ सालीं फ्रान्समध्यें माशांच्या पाठीस इवल्याशा खुणेच्या चकत्या चिकटवून त्यांस थायामेथोक्झाम या इमिडाक्लोप्रिडाच्या भावंडाची अल्प मात्रा साखरपाण्यांतून दिली व दूर नेऊन सोडलें. मात्रा मारक नव्हती. तरीहि तिच्या पायीं शेंकडा १० ते ३० माशा घरीं परतल्या नाहींत. त्याच वर्षीं अमेरिकेंतील प्रयोगांत इमिडाक्लोप्रिड घेतलेल्या माशांचें नाचणें पुष्कळच कमी झालेलें दिसलें. याहून चमत्कारिक शोध २०१५ चा: माशांना या औषधांची चव कळत नाहीं, तरीहि साधें व औषधी असें दोन प्रकारचें साखरपाणी समोर ठेवल्यास त्या औषधी पाणीच अधिक पितात. तंबाखूचें नातें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

युरोपियन संघानें २०१८ सालीं या वर्गांतील तीन औषधांचा उघड्या शेतांतील वापर बंद केला. आपल्याकडे तीं चालू आहेत, आणि त्याबद्दल शेतकऱ्यास बोल लावणें मला अन्यायाचें वाटतें. कपाशीचे कोंवळे रोप तुडतुड्यांनीं खाल्लें, किंवा कांद्यावर फुलकिडे पडले, तर त्यानें हात जोडून बसावें काय? फूल उमलल्यावर फवारणी टाळावी, आणि अगदीं निकड असेल तर माशा घरीं गेल्यावर सायंकाळीं करावी, हा सल्ला त्यास देतात व तो योग्यच आहे. मात्र तो मुख्यतः पाळीव माशांच्या दिनक्रमास धरून आहे. आग्या माशी पेटींत नांदत नाहीं. ती उंच झाडास अगर कड्यास पोळें लावते, आणि चंद्र पुरेसा असला कीं चांदण्या रात्रींहि चरावयास बाहेर पडते. शुक्ल पक्षांत दिवेलागणीस फवारलेलें शेत तिला त्याच रात्रीं भेटावयाचें.