शाळा, पेठ आणि मुलांची स्थूलता

मुलाच्या देहात साठणारी अतिरिक्त चरबी म्हणजे अन्नावाटे आलेली, परंतु खर्ची न पडलेली ऊर्जाच होय. ती खर्ची पडावी म्हणून ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे श्वास जलद होईल असे खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बंगळूर येथील चामराजपेट ही १८९२ साली आखलेली वस्ती. आजच्या तिच्या गर्दीत या एका तासासाठी मैदान कोठून आणावयाचे, हा खरा प्रश्न आहे. मुलाला आळशी म्हणणे सोपे, एवढेच!

२०२० च्या केंद्रीय नियमांनुसार अतिस्निग्ध, अतिगोड वा अतिखारट पदार्थ शाळेत आणि आवारापासून ५० मीटरांच्या आत विकता येत नाहीत. पण ५० मीटर म्हणजे गल्लीचे एक वळण. त्यापुढे शाळेची सत्ता चालत नाही. तेथे दुकानदार व पालक यांचेच साहाय्य हवे.

फ्रान्समधील फ्लर्बे व लाव्हांती या गावांत १९९२ पासून शाळांतून आहारशिक्षण सुरू झाले, तरी प्रारंभी मुलांची स्थूलता वाढतच राहिली. पुढे क्रीडासाधने, डॉक्टर, व्यापारी असे सारे गाव त्यात सामील झाले. २००४ साली तेथील ८.८ टक्के मुलांचे वजन प्रमाणाबाहेर होते. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत १७.८ टक्के.