टाळ्या, हशा आणि दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र

ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याने १८८६ साली आंतोन ब्रुकनर या संगीतकाराचा सन्मानचिन्ह देऊन गौरव केला. खेड्यातून आलेला, साधाभोळा, देवभक्त असा हा माणूस. ‘आणखी काही मागणे आहे का?’ असे सम्राटाने विचारले, तेव्हा त्याने ना धन मागितले, ना पद. त्या हान्सलिकला माझ्याविरुद्ध एवढे वाईट लिहू नको म्हणून सांगा, अशी विनवणी त्याने केली म्हणे! ही आख्यायिका आहे. तिच्यात खरे किती हे कोण सांगणार? पण तिच्यातली भीती मात्र अगदी खरी होती.

कोण होता हा हान्सलिक? एदुआर्द हान्सलिक हा व्हिएन्ना विद्यापीठातला प्राध्यापक आणि ‘नॉये फ्राये प्रेसे’ या बड्या दैनिकाचा संगीत समीक्षक. त्याच्या लेखणीचा दरारा असा, की मैफल रात्री संपली तरी तिचा निकाल सकाळच्या पेपरात लागे.

आपल्याकडच्या श्रोत्याला हे थोडे नवलाचे वाटेल. आपल्या बैठकीत गायकाने सुरेख सम गाठली की ‘वाहवा’ तिथल्या तिथे मिळते. दाद आणि गाणे हातात हात घालून चालतात. सिंफनी ऑर्केस्ट्राच्या मैफलीत मात्र संपूर्ण शांतता पाळायची, मनातले सारे शेवटच्या टाळीपर्यंत राखून ठेवायचे, असा रिवाज पुढे रूढ झाला. शिवाय सत्तर-ऐंशी वादक, त्यांना सांभाळणारा कंडक्टर आणि सभागृहात कदाचित हजरही नसलेला रचनाकार, अशा तिघांचा निवाडा एकदम व्हायचा. खरी गोम इथेच आहे. चूक कोणाची झाली हे ठरवायचे कसे?

रिकामे होत गेलेले सभागृह

१६ डिसेंबर १८७७. स्थळ, व्हिएन्नाचे प्रसिद्ध म्युझिकफेराइन सभागृह. ब्रुकनरची तिसरी सिंफनी प्रथमच सादर व्हायची होती. तिचे संचालन योहान हेर्बेक करणार होता, पण तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारला. अखेर ब्रुकनर स्वतःच छडी घेऊन उभा राहिला. तो ऑर्गन उत्तम वाजवी, पण एवढा मोठा वाद्यवृंद हाताळणे त्याला जमणारे नव्हते. वादकही नाखूष होते. सिंफनी पुढे सरकू लागली तसे लोक उठू लागले. कोणी हसले, कोणी कुजबुजले. शेवटी सभागृहात मूठभर श्रोतेच उरले. त्या मूठभरांत सतरा वर्षांचा एक विद्यार्थी होता. त्याचे नाव गुस्ताव माहलर! पुढे तो स्वतःच थोर सिंफनीकार झाला. त्याच रात्री एका प्रकाशकाने ही सिंफनी छापायची तयारी दाखवली आणि तिची पियानोसाठीची प्रत तयार करण्यात माहलरने हातभार लावला.

हान्सलिकने अर्थातच प्रतिकूल लिहिले. पण त्या रात्री जे कोसळले ते रचनेमुळे की ढिल्या संचालनामुळे? हा प्रश्न मागेच राहिला. घाव मात्र रचनाकाराने जिव्हारी लावून घेतला. आधीच बदललेली ही सिंफनी त्याने पुन्हा बदलली. आज तिची १८७३, १८७७ आणि १८८९ अशी तीन रूपे आहेत आणि यातले कोणते वाजवावे यावर जाणकार अजूनही वाद घालतात. अपयशाच्या भीतीने हात किती कापू लागतो, याचा हा पुरावाच नव्हे काय?

जपून वाजवलेला कॉन्चेर्टो

चार वर्षांनी, ४ डिसेंबर १८८१ रोजी, असाच प्रसंग रशियाच्या चायकोव्स्कीवर आला. त्याच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोचा पहिला प्रयोग व्हिएन्ना फिलहार्मोनिकने केला. व्हायोलिनवर अडोल्फ ब्रोड्स्की होता आणि संचालक हान्स रिश्टर. सराव अपुरा, वादकांसमोरच्या स्वरलिपीत चुकाच चुका. फजिती नको म्हणून वाद्यवृंदाने सारे कसे हळू आवाजात, जपून वाजवले. शेवटी टाळ्यांबरोबर निषेधाचे आवाजही उठले.

हान्सलिकने लिहिले त्याचा आशय असा, की कानाला दुर्गंधी जाणवेल असेही संगीत असू शकते, हे या रचनेने दाखवून दिले. चायकोव्स्कीला हा घाव जन्मभर विसरता आला नाही. आणि आज? व्हायोलिन शिकणारा प्रत्येक होतकरू वादक ज्या रचनेची स्वप्ने पाहतो, त्यांपैकी ही एक आहे.

समीक्षक मूर्ख होता का?

असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. ब्राम्सची थोरवी हान्सलिकने वेळीच ओळखली आणि तिचा खंबीरपणे पुरस्कार केला. त्याची विद्वत्ताही वादातीत होती. त्याची अडचण पक्षाची होती. त्या काळी व्हिएन्नात ब्राम्सचे आणि वाग्नरचे असे दोन तट पडले होते आणि ब्रुकनर पडला वाग्नरचा भक्त!

दुसऱ्या तटातले लोक तरी कुठे सोवळे होते? ह्यूगो वोल्फ हा तरुण संगीतकार १८८४ ते १८८७ या काळात एका साप्ताहिकात समीक्षा लिही आणि ब्राम्सवर आग पाखडी. १८८६ मध्ये त्याची स्वतःची रचना फिलहार्मोनिकच्या वादकांपुढे चाचणीसाठी आली, तेव्हा ते तिला चक्क हसले. पेरले तेच उगवले, दुसरे काय!

हान्सलिकचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. १८ डिसेंबर १८९२ रोजी ब्रुकनरची आठवी सिंफनी रिश्टरने व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून वाजवून घेतली. या वेळी छडी अनुभवी हातात होती. लोकांनी रचनाकाराला डोक्यावर घेतले. हान्सलिकला सिंफनी आवडली नाही आणि त्याने तसे स्पष्ट लिहिले. पण टाळ्यांचा कडकडाट, हलणारे रुमाल, पुष्पचक्रे हेही त्याने आपल्या परीक्षणात नोंदवले. स्वतःच्या मताविरुद्ध जाणारी साक्ष त्याने दडपली नाही.

मुंबईचा मुलगा व्हिएन्नात

याच शहरात १९५४ मध्ये मुंबईचा अठरा वर्षांचा झुबिन मेहता शिकायला गेला. त्याचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. बडे कंडक्टर सराव कसा घेतात हे जवळून पाहता यावे, म्हणून झुबिन तिथल्या गायकवृंदात गाऊ लागला. १९६५ मध्ये त्याच झुबिन मेहतांच्या संचालनाखाली व्हिएन्ना फिलहार्मोनिकने ब्रुकनरच्या नवव्या सिंफनीची ध्वनिमुद्रिका केली.

मेहतांनाही समीक्षकांचे फटके चुकले नाहीत. १९७८ ते १९९१ अशी तेरा वर्षे ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत संचालक होते. तिथल्या काही वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर बरीच कडक टीका केली. पण ते आपले काम करत राहिले.

मग परीक्षण वाचावे कसे?

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. अशा मैफलींना आपल्याकडे नवा श्रोता जातो, तेव्हा तो थोडा बिचकलेला असतो. ‘आपल्याला यातले काय कळणार? पेपरात काय येते ते पाहू,’ असे त्याला वाटते.

परीक्षण जरूर वाचावे. पण वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात. दोष रचनेचा सांगितला आहे, की त्या रात्रीच्या वादनाचा? लिहिणाऱ्याने काय ऐकू आले ते सांगितले आहे, की नुसताच निकाल दिला आहे? आणि त्याच्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट त्याने नोंदवली आहे का? या कसोट्यांना उतरेल ते परीक्षण आपले मत बदलो न बदलो, कान नक्कीच तयार करते.

आणि एखादी रचना पहिल्यांदा रुचली नाही तर ती आणखी एकदा, शक्य तर दुसऱ्या वाद्यवृंदाकडून ऐकावी. १८७७ च्या त्या रात्री जे उठून गेले, त्यांना ही संधी मिळायला बरीच वर्षे लागली. आपल्याला ती घरबसल्या मिळते. ती का दवडावी?